झिजलेला बेल्ट वाचवला, की पैसे घालवले?

दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगावचे ऊसतोड कामगार कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात. कोयते बनवणाऱ्याचा धंदा त्याआधीच होतो. आणि नेमका तेव्हाच सँडिंग बेल्ट "अजून चालतोय की" म्हणून ताणला जातो.

चला, हिशोब मांडू. समजा, बेल्ट 150 रुपयांचा आणि त्यावर 30 कोयते नीट होतात. म्हणजे कोयत्यामागे 5 रुपये. मजुरी आणि वीज मिळून मिनिटाला 2 रुपये धरा. झिजलेल्या बेल्टवर एका कोयत्याला 6 मिनिटं जादा लागली, तर 12 रुपये गेले. 5 वाचवायला 12 घालवले!

खरं नुकसान पुढे आहे. झिजलेला बेल्ट पोलाद कापत नाही, नुसता घासतो. पातं तापतं. धार निळी पडली म्हणजे ती साधारण 300 अंशांपर्यंत तापली; तिथलं पोलाद नरम पडतं. असा कोयता फडात लवकर बोथट होतो आणि पुढच्या हंगामाला गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं.

म्हणून ठिणग्या कमी झाल्या, जोर जास्त लावावा लागला, की बेल्ट बदला. एका बेल्टवर किती कोयते झाले, ते खडूने भिंतीवर लिहीत चला. तुमचा आकडा तुम्हालाच सापडेल.