गीझ: बोली थांबली, लिपी चालू राहिली

गीझ ही इथिओपिया आणि एरिट्रियाची प्राचीन भाषा. ती सेमिटिक कुळातली, म्हणजे अरबी आणि हिब्रूच्या गोतातली. उत्तर इथिओपियातील अक्सुमच्या राज्यात ती चाले. तांबड्या समुद्रावरील अदुलिस बंदरातून या राज्याचा व्यापार रोमन साम्राज्याशी आणि भारताशी होता.

लिपीचे मूळ दक्षिण अरबस्तानात, आजच्या येमेनमध्ये आहे. तिथल्या लिपीत फक्त व्यंजने लिहीत आणि ओळ बहुधा उजवीकडून डावीकडे जाई. गीझचे आरंभीचे शिलालेखही स्वरांवाचूनच कोरलेले आहेत. चौथ्या शतकात, ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्या एझाना राजाच्या काळात, व्यंजनाच्या आकारातच स्वराची खूण आली. ओळही डावीकडून उजवीकडे जाऊ लागली.

व्यंजने 26 आणि प्रत्येकाची रूपे सात, अशी ही 182 अक्षरांची बाराखडीच आहे. मात्र इथे काना-मात्रा सुट्या नसतात, अक्षराचा आकारच बदलतो. आडव्या रेघेखाली दोन पाय म्हणजे ‘ब’. उजव्या पायाच्या मध्याला बाहेरून छोटी रेघ दिली की ‘बु’, तीच तळाशी दिली की ‘बी’. डावा पाय आखूड केला की ‘बा’, उजवा केला की ‘बो’. उजव्या पायाच्या तळाशी कडी जोडली की ‘बे’. उरलेले रूप दुहेरी कामाचे: अस्फुट स्वर असला तरी तेच आणि पाय मोडायचा असला तरी तेच. द्वित्तही लिहून दाखवत नाहीत. त्यामुळे शुद्ध वाचन गुरुमुखातूनच शिकावे लागते. जुन्या पोथ्यांत दोन शब्दांमध्ये दोन टिंबे आणि वाक्याअखेर चार टिंबे दिसतात. अंक ग्रीक अक्षरांवरून घेतलेले असून त्यांत शून्य नाही.

बायबलचे गीझ भाषांतर ग्रीकवरून झाले. हनोखचा ग्रंथ आज संपूर्ण रूपात फक्त गीझमध्येच उरला आहे. स्कॉटिश प्रवासी जेम्स ब्रूस याने 1773 मध्ये त्याच्या प्रती युरोपात नेल्या.

पहिल्या सहस्रकाच्या अखेरीस गीझ घरादारांतून मागे पडत गेली. तरीही पुढे कित्येक शतके ग्रंथ आणि राजांच्या बखरी याच भाषेत लिहिल्या गेल्या. आजही इथिओपिया-एरिट्रियातील ऑर्थोडॉक्स चर्चची उपासना तिच्यात होते आणि बेटा इस्राएल या इथिओपियन ज्यूंचे धर्मग्रंथही तिच्यातच आहेत. लिपी मात्र रोजच्या वापरात आहे. ‘श’, ‘च’ यांसारख्या ध्वनींसाठी जुन्या अक्षरांवर खुणा चढवून अम्हारिक आणि तिग्रिन्या भाषांनी ती आपलीशी केली. 1999 मध्ये युनिकोडमध्ये समावेश झाल्यावर ती संगणकावरही रुळली.