वस्तीतली माती तपासायची, पण कोणत्या पद्धतीने?

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याचे काम अनेकदा गरीब वस्त्यांच्या कडेला चालते. तिथली माती खेळणाऱ्या मुलांच्या हातातून पोटात जाते. शिशाने लहान मुलांच्या मेंदूचे होणारे नुकसान भरून निघत नाही. म्हणून आम्ही कार्यकर्त्यांना सांगतो, निवेदनासोबत मातीचा अहवाल जोडा.

पण मृदा आरोग्य पत्रिका इथे उपयोगी नाही. तिच्यातल्या 12 घटकांत सामू, नत्र, स्फुरद, जस्त आहेत. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, पारा नाहीत. विषारी धातूंसाठी चाचणी वेगळी मागावी लागते.

एक्सआरएफ: हातात धरायचे यंत्र मातीवर क्ष-किरण सोडून काही मिनिटांत आकडा देते. कुठली जागा जास्त दूषित आहे, हे शोधायला ते उत्तम. मात्र माती ओली असेल तर आकडा कमी येतो, थोडे कॅडमियम निसटते आणि शिसे जास्त असले की आर्सेनिकचा आकडा बिघडू शकतो.

एएएस: माती आम्लात विरघळवून एका वेळी एक धातू मोजतात. एक-दोन धातूंसाठी ही पद्धत स्वस्त पडते. पाऱ्यासाठी शीतबाष्प पद्धत वापरतात.

आयसीपी: यात अनेक धातू एकदम मोजले जातात. त्यातली आयसीपी-एमएस सर्वांत सूक्ष्म, पण महाग.

मग निवड कशी करायची? अमेरिकेने 2024 मध्ये घरांभोवतीच्या मातीतल्या शिशाची तपासणी-पातळी किलोमागे 400 वरून 200 मिलिग्रॅमवर आणली. एवढे शिसे साधी एएएससुद्धा सहज मोजते. प्रत्येक वेळी महाग चाचणी लागत नाही.

खरी मेख माती विरघळवण्यात आहे. तीव्र आम्लाने बहुतेक धातू बाहेर येतो. डीटीपीए द्रावणाने फक्त पिकाला मिळू शकेल तेवढाच. त्यामुळे एकाच मातीचे दोन आकडे येतात. डीटीपीएचा लहान आकडा एकूण धातूच्या मर्यादेशेजारी ठेवून कुणी 'माती सुरक्षित आहे' म्हणाले, तर तिथेच हरकत घ्या.

नमुना अनेक ठिकाणच्या वरच्या थराचा घ्या. त्या चाचणीसाठी प्रयोगशाळेला एनएबीएल मान्यता आहे का, ते विचारा. अहवालावर पद्धत, आम्ल आणि मोजमापाची किमान मर्यादा लिहून घ्या. या तीन गोष्टी नसलेला अहवाल सुनावणीत टिकणे कठीण.