झोळीतले भय

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाड्यात १ जुलै २०१८ चा रविवार आठवडे बाजाराचा होता. पिंपळनेरला पाल ठोकून राहिलेले पाच भिक्षेकरी त्या दिवशी या बाजारात आले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसे. चौघे मंगळवेढा तालुक्यातले, पाचवा कर्नाटकातल्या इंडी तालुक्यातला. मुले पळवणारी टोळी आली असा गलका झाला. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तिथेच मारून टाकले. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते.

त्याच सुमारास शेजारच्या मालेगावातही अशीच अफवा उठली आणि जमाव पाच जणांवर धावून गेला. तिथे पोलीस वेळेत आडवे आले, म्हणून ते पाच जण वाचले.

दोष मोबाइलवर टाकून बहुतेकांनी हा विषय मिटवला. मोबाइलचा वाटा होताच. त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारे मूल उचलून नेताना दिसत. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली जाहिरात होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला आणि जाहिरातीचा पुरावा झाला. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी सरकारांना सविस्तर निर्देश दिले.

पण चित्रफीत पेटली ती जुन्या सरपणावर. रडणाऱ्या पोराला गप्प करताना खानदेशातली आई म्हणते, ‘उगा ऱ्हाय, नहीते गोसाई झोयीमा टाकी लई जाई!’ देशावर आणि कोकणातही झोळीवाल्या बाबाचा हाच धाक असतो. डौर वाजवत, नाथांची गाणी गात भिक्षा मागणे हा डवरी गोसाव्यांचा पिढीजात व्यवसाय. त्यांची झोळी असते धान्यासाठी, पिठासाठी. लहानपणी मनात बसलेली झोळीची धास्ती कोणी कधी तपासून पाहिलेली नसते. मोठेपणी हातात मोबाइल येतो, आणि ती धास्ती खरी ठरल्यासारखी वाटते.

या धास्तीला सरकारी शिक्काही मिळाला होता. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो सगळ्या देशाला लागू झाला. मूल अमुक जमातीत जन्मले की ते संशयित. हजेरी, पास, तारेच्या कुंपणातली वसाहत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. संशय मात्र रद्द झाला नाही. कायद्याच्या यादीत नाव नसलेल्या भटक्यांच्याही वाट्याला तो आला, कारण पालावर राहणारा तो चोर, एवढाच हिशेब गावाने लक्षात ठेवला होता. अशाच एका जमातीत जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध केले, तेव्हा अनेक वाचकांना ही दुनिया पहिल्यांदा आतून दिसली.

राईनपाडा ज्या खानदेशात आहे, त्याची थोडी पार्श्वभूमी. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला, १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे.

या प्रदेशात ‘जन्मजात गुन्हेगार’ या दंतकथेचा पहिला बळी भिल्ल. प्रस्तुत लेखकाला भिल्लांच्या या कहाणीने वर्षानुवर्षे झपाटले आहे. १८८० साली निघालेले खानदेशाचे गॅझेटियर वाचताना एका पानाशी हात थांबतो. भिल्ल हे पूर्वी गावोगावचे जागले. गावाची राखण करायची आणि ठरलेला हक्क घ्यायचा, अशी रीत. १८०३ च्या आसपासच्या स्वाऱ्या आणि दुष्काळात गावे उठली, हक्क बुडाले, भिल्ल डोंगरात गेले आणि लुटीवर जगू लागले. पेशवाईतल्या अधिकाऱ्यांनी त्यावर काढलेला उपाय भयंकर होता. माफीचे वचन देऊन बोलवायचे आणि कापून काढायचे. कोपरगावला भिल्लांना विहिरींत लोटले, अंतूर किल्ल्याच्या कड्यावरून शेकडोंना खाली फेकले, असे गॅझेटियर सांगते.

चिकित्सा इथेही सोडून चालत नाही. गॅझेटियर लिहिणारे इंग्रज होते आणि आधीची राजवट काळी दिसावी यात त्यांचा फायदा होता. म्हणून आकडे जपून घ्यावेत. तरीही विश्वासघाताची ती आठवण किती खोल गेली होती, याची साक्ष जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावात मिळते.

१८२५ मध्ये जेम्स औट्रम हा बावीस वर्षांचा इंग्रज अधिकारी भिल्लांची पलटण उभारायला खानदेशात आला. सरकारने बोलावले म्हणून यायला कोणी तयार होईना. मागे बोलावले होते ते मारायलाच. औट्रमने आधी डोंगरातल्या टोळ्यांवर हल्ले केले. मग तो पहारा न घेता भिल्लांच्या नाईकांच्या, म्हणजे म्होरक्यांच्या, सोबत रानात राहिला, त्यांच्याबरोबर प्यायला, वाघांच्या शिकारी केल्या. एवढे करून पहिल्यांदा पाच जण तयार झाले. फक्त पाच! त्यातून भिल्ल पलटण वाढली आणि धरणगाव तिचे ठाणे झाले. जन्मजात लुटारू म्हणून ज्यांना कड्यावरून फेकले, त्यांचेच भाऊबंद त्याच मुलखाची राखण करू लागले. रक्तात गुन्हा असतो या समजुतीचे इतके स्वच्छ खंडन क्वचित सापडेल.

प्रस्तुत लेखक धरणगावला अनेकदा गेला. औट्रमचे नाव सांगणारे भेटतात, त्याच्या शिकारीच्या गोष्टीही ऐकायला मिळतात. अंतूरच्या कड्याबद्दल मात्र कोणी आपणहून बोलत नाही. साहेबाच्या शौर्याची दंतकथा टिकली आणि ज्यांच्या भीतीमुळे त्याला इतके कष्ट पडले, ती माणसे गोष्टीतून गळाली.

मग भिल्लांच्या त्या कत्तलीचा अपराध आज कोणाच्या माथी? पेशव्यांच्या अधिकाऱ्यांचा दोष आजच्या कुठल्याही जातीच्या मुलावर ढकलणे म्हणजे १८७१ च्या कायद्याचीच रीत. राईनपाड्यानंतर हेच घडले. तो आदिवासी पाडा. पोलिसांच्या धरपकडीने गाव ओस पडले आणि शहरात बसलेली शिकलेली माणसे ‘ही जमातच रानटी’ असे बोलू लागली. ज्यांनी मारले त्यांना न्यायालयाने शिक्षा द्यावी, आणि ती कठोर असावी. पण एकदा जमातीला दोषी धरले की पुढच्या झुंडीची तयारी सुरू झालीच म्हणून समजावे.

सातपुड्यात बाईला डाकीण ठरवण्यामागेही हेच गणित असते. मूल दगावते, गाय आटते आणि भगत एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवतो. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवते असे सांगत फिरणे आता गुन्हा आहे. हे कलम प्रत्येक पाड्यावर, तिथल्या बोलीत पोचायला हवे.

खानदेशाला शंका घेणे परके नाही. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींनी हात पाहणाऱ्या ज्योतिष्याला आपल्या कवितेत परत पाठवले आहे. कपाळ कोरे झाले तरी आपले दैव त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे नाकारले. ही कविता खानदेशातली पोरे पाठ म्हणतात. तिच्याशेजारी जळगाव-धुळ्याच्या शाळांनी अंतूरचा कडा आणि राईनपाड्याची खोलीही शिकवावी, नावे आणि तारखांसह.

आणि वाचकांना एक विनंती. या दिवाळीत दारात किंवा बाजारात झोळीवाला अनोळखी माणूस दिसला, तर त्याला बसवा, पाणी द्या, नाव-गाव विचारा. शंका वाटलीच तर पोलीस पाटलाला बोलवा. राईनपाड्याला आलेल्या त्या पाचही जणांजवळ सांगायला नाव होते आणि गावही होते.