दोरीच्या पिळावर ताणलेली करवत

डहाणू-तलासरी भागातल्या पाड्यांवर बांबूवाचून चालत नाही. टोपल्या, सुपे, कुंपण, मांडव, इतकेच काय तारप्याच्या नळ्यादेखील बांबूच्याच. बांबू तोडायला कोयता उत्तम. पण नळीचे तोंड सरळ हवे असेल तर तो उपयोगी पडत नाही. घाव बसताच बांबूचे उभे धागे चिरत जातात. तेथे करवतच हवी.

डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ साली आपले काम बोर्डीहून नेले. आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून बालवाडीची साधने बनवता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच वाटेने जाऊन आपणही एक हत्यार तयार करू.

पाते वाकते का?

लोखंड कापायच्या करवतीचे सुटे पाते दुकानात स्वस्तात मिळते. ते ३० सें.मी. लांब, पण १ मि.मी.पेक्षाही पातळ असते. नुसते हातात धरून ढकलले तर ते वाकते. कागदाची पट्टी घ्या. दोन्ही टोके जवळ ढकलली की ती वाकते. ओढून धरली की ताठ राहते. जाड पाते ताठ राहील हे खरे, पण त्याची खाच रुंद होईल, भुसा जास्त पडेल आणि श्रमही वाढतील. म्हणून पाते पातळच ठेवायचे आणि ताणायचे.

साहित्य

इंचाला १८ किंवा २४ दाते असलेले पाते, ३ सें.मी. रुंद व २ सें.मी. जाड अशा लाकडी पट्ट्या (२४ सें.मी.च्या दोन, २९ सें.मी.ची एक), मजबूत सुतळी, बांबूची १५ सें.मी. लांब कांब, दोन खिळे, पटाशी, हातोडी, गिरमिट. झाड तोडू नका. सुताराकडे उरलेले वाळके लाकूड पुरते. आणि हो, करवत बनवायलाही करवत लागते! तीही त्याच्याकडूनच मागून आणा.

कृती

लांब पट्टी ही आपली आडकाठी. तिची दोन्ही टोके १ सें.मी. लांबीपर्यंत तासून बारीक करा. या भागाला कुसू म्हणतात. दोन्ही उभ्या पट्ट्यांच्या मध्यावर कुसू बसेल अशी खाच पटाशीने पाडा. येथे गोंद किंवा खिळा लावू नका. पट्ट्या किंचित हलल्या पाहिजेत.

उभ्या पट्ट्यांच्या खालच्या टोकांना ३ सें.मी. खोल उभी चीर पाडा. टोकापासून १.५ सें.मी.वर आडवे भोक पाडा. पाते चिरेत सरकवून भोकातून खिळा घाला. वरच्या टोकांपासून १.५ सें.मी.वर बाहेरून खाच करून सुतळीचे चार-पाच वेढे द्या. वेढ्यांमध्ये कांब घालून फिरवत जा. पुरेसा पीळ बसला की कांबेचे लांब टोक आडकाठीला अडकवा.

ताण येतो कोठून?

पीळ बसला की सुतळी आखडते आणि वरची टोके जवळ ओढते. आडकाठी मध्ये टेकू देत असल्याने खालची टोके फाकतात व पाते ताणले जाते. म्हणजे प्रत्येक उभी पट्टी ही एक तरफच आहे. सुतळी आणि पाते दोन्ही आडकाठीपासून १०.५ सें.मी. दूर आहेत. म्हणून सुतळीत २० किलोचा ताण असेल तर पात्यातही तितकाच येतो, आणि आडकाठीवर ४० किलोचा दाब पडतो. आडकाठी खाली सरकवून अंतरे १४ व ७ सें.मी. केली, तर पात्यातला ताण ४० किलो होईल. मात्र आता जाड बांबू चौकटीत मावणार नाही! एक मिळवताना दुसरे सोडावे लागते.

करून पाहा

पीळ देताना पाते बोटाने हळूच छेडा. आवाज चढत जाईल. ताण चौपट झाला की कंपनांची संख्या दुप्पट होते. फार ताणू नका; हे पाते ठिसूळ असते. पहिल्यांदा पीळ देताना शिक्षक जवळ असावेत आणि तोंड कांबेपासून दूर ठेवावे.

कापताना निदान तीन दाते एकाच वेळी बांबूच्या भिंतीवर टेकले पाहिजेत, नाहीतर ते अडकून तुटतात. १८ दात्यांच्या पात्यात दोन दात्यांमध्ये सुमारे १.४ मि.मी. अंतर असते, म्हणून ६ मि.मी. जाड भिंतीला ते चालते. हलक्या हाताने, पात्याची पूर्ण लांबी वापरून कापा. बांबूच्या सालीत सिलिका असते, त्यामुळे दाते लवकर बोथट होतात.

काम संपले की पीळ सोडायला विसरू नका. पावसाळी हवेत सुतळी ओलावा शोषून फुगते आणि लांबीने आखडते. रात्रभर ताणून ठेवलेली करवत सकाळी आपोआपच जास्त ताणलेली सापडेल, किंवा पाते तुटलेले! फुगलेली सुतळी लांबीने का आखडत असेल? पीळ दिलेल्या दोन दोऱ्या घेऊन याचे उत्तर तुम्हीच शोधा.