विश्लेषण : दाखल्यासाठी वडखळ, पेण की अलिबाग? कोणते काम कुठे आणि वेळेत न झाल्यास काय?

वडखळ नाक्यावरून तीन रस्ते फुटतात. एक पेणकडे, दुसरा नागोठण्याकडे आणि तिसरा पोयनाडमार्गे अलिबागला. सरकारी कामासाठी घराबाहेर पडलेल्या माणसाला यातल्या नेमक्या कोणत्या गाडीत बसायचे, हा प्रश्न नेहमीचा. चुकीच्या कार्यालयात गेले की ‘हे काम आमच्याकडे नाही’ एवढेच ऐकून परतावे लागते. गाडीभाडे जाते, दिवसाची मजुरी बुडते आणि शिष्यवृत्तीची किंवा प्रवेशाची मुदत एका दिवसाने जवळ येते. कोणते काम कोणाकडे, ते किती दिवसांत व्हायला हवे आणि न झाल्यास दाद कुठे मागायची, याविषयी…

गोंधळ नेमका कशामुळे?

गावात दोन वेगवेगळ्या यंत्रणा एकाच वेळी काम करतात. पहिली महसूल खात्याची. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी आणि जिल्हाधिकारी अशी तिची उतरंड आहे. जमिनीच्या नोंदी, उत्पन्न, वय-अधिवास आणि जातीचे दाखले, नुकसानीचे पंचनामे ही तिची कामे.

दुसरी यंत्रणा पंचायत राजची. गावात ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती आणि जिल्ह्याला जिल्हा परिषद. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, गावातील गटारे, जन्म-मृत्यूची नोंद, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे हा तिचा कारभार. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या, तेव्हापासून ही विभागणी चालत आली आहे.

दोन्ही यंत्रणांची तालुक्याची कार्यालये पेणला आणि जिल्ह्याची अलिबागला. त्यामुळे ‘पेणला जा’ हे उत्तर अर्धवटच ठरते. पेणला तहसील कार्यालयात जायचे की पंचायत समितीत, हे आधी कळायला हवे. शेजारचे नागोठणे रोहा तालुक्यात येते. तिथल्या रहिवाशांचे तहसील कार्यालय रोह्याला आहे. नाक्यावरून गाडी एकच असली, तरी तालुका बदलला की कार्यालयही बदलते.

पदांची नावेही बदलली आहेत. राज्य सरकारच्या २०२४ मधील निर्णयानंतर ग्रामसेवक आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले, तर तलाठी ‘ग्राम महसूल अधिकारी’. लोकांच्या तोंडी जुनीच नावे असली, तरी अर्जावर आणि फलकावर नवी नावे दिसतील. माणूस आणि काम तेच आहे.

ग्रामपंचायतीत कोणती कामे होतात?

जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदणीचे दाखले, दारिद्र्यरेषेखाली असल्याचा दाखला, निराधार असल्याचा दाखला, ग्रामपंचायतीची थकबाकी नसल्याचा दाखला आणि घराचा नमुना ८ चा उतारा या ग्रामपंचायतीच्या अधिसूचित सेवा आहेत. ‘अधिसूचित’ या शब्दाला इथे महत्त्व आहे, कारण अशा सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा कायदेशीर हक्क ठरतो.

नमुना ८ बाबत अनेकांचा गैरसमज असतो. ही घरपट्टी आकारणीची नोंदवही आहे. त्यात नाव असणे उपयोगी असले, तरी तो मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. गावठाणातील घराची मिळकत पत्रिका भूमी अभिलेख कार्यालयाकडून मिळते. केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून अशा पत्रिका तयार केल्या जातात. घराची वाटणी किंवा विक्री करायची असेल, तर ग्रामपंचायतीचा उतारा घेऊन थांबू नये.

जन्माची नोंद गावात की दवाखान्याच्या ठिकाणी?

सर्वाधिक हेलपाटे याच कामात होतात. नियम सोपा आहे. जन्म किंवा मृत्यू जिथे झाला, तिथेच नोंद होते. आईवडील वडखळचे असले तरी बाळाचा जन्म पेण किंवा अलिबागच्या रुग्णालयात झाला असेल, तर नोंद त्या ठिकाणच्या निबंधकाकडे असते. वडखळ ग्रामपंचायतीत ती सापडणार नाही.

नोंदीची मुदत २१ दिवसांची आहे. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. ३० दिवसांनंतर वर्षभराच्या आत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटून गेले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश घ्यावा लागतो. १९६९च्या कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या तारखेपासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार नोंदणी आदी कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच धरला जातो. २१ दिवसांचा आळस पुढे मुलाला अठराव्या वर्षीही नडू शकतो.

महसूल खात्याकडे कशासाठी जायचे?

उत्पन्नाचा दाखला आणि वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र तहसील कार्यालयातून मिळते. दोन्हींची मुदत १५ दिवसांची आहे. जातीचे प्रमाणपत्र प्रांताधिकारी देतात. शिक्षण, नोकरी किंवा निवडणुकीसाठी त्यापुढे जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि ते पडताळणी समिती देते. अनुसूचित जमातींसाठी ही समिती वेगळी असते. त्यामुळे तालुक्यातील कातकरी, ठाकूर, महादेव कोळी समाजाच्या विद्यार्थ्यांनी बारावीच्या निकालाची वाट न पाहता आधीच अर्ज केलेला बरा.

या अर्जांसाठी प्रत्येक वेळी पेण गाठण्याची गरज नाही. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून मोबाइलवर किंवा सेवा केंद्रातून अर्ज करता येतो. केंद्रात सेवा शुल्काचा फलक लावणे बंधनकारक आहे. त्यापेक्षा जास्त पैसे देऊ नयेत आणि पावतीशिवाय तर काहीच देऊ नये. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही ‘स्टॅम्प पेपर आणा’ असे सांगितले गेले, तर कोणत्या नियमाने, हे विचारता येते. अनेक कामांत प्रतिज्ञापत्राऐवजी साधे स्वयंघोषणापत्र आणि राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीऐवजी स्वतः साक्षांकित केलेली प्रत चालते. तसा निर्णय राज्याने मार्च २०१५ मध्येच घेतला आहे.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो आणि सरकारी कामाला चालतो. वारस नोंद किंवा खरेदीनंतर फेरफार करायचा असेल, तर हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. पेणच्या खारेपाटात आजोबांच्या नावावरच राहिलेले सातबारे कमी नाहीत. भूसंपादनाची नोटीस आली की त्याची किंमत कळते, कारण मोबदला नोंदीप्रमाणेच निघतो.

रस्ता आणि खारबंदिस्तीची तक्रार कोणाकडे?

नाक्यावरचा खड्डा ग्रामपंचायतीच्या हद्दीत असला, तरी रस्ता तिचा नसतो. मुंबई-गोवा हा राष्ट्रीय महामार्ग ६६, तर वडखळ-अलिबाग हा राष्ट्रीय महामार्ग १६६ अ. गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे. महामार्गावरील तक्रार आणि अपघाताच्या मदतीसाठी १०३३ हा टोल-फ्री क्रमांक आहे. गावातील अंतर्गत रस्ता मात्र ग्रामपंचायतीचा आणि गावांना जोडणारे अनेक रस्ते जिल्हा परिषदेचे.

उधाणात बांधाला खांड जाऊन खारे पाणी शेतात शिरले, तर दोन कामे एकाच दिवशी करावीत. बांधाच्या दुरुस्तीसाठी खारभूमी विभागाला लेखी कळवावे आणि नुकसानीच्या पंचनाम्यासाठी तलाठ्याला. पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात. पाणी ओसरायच्या आत फोनमध्ये काढलेले फोटो तेव्हा उपयोगी पडतात.

मुदतीत काम न झाल्यास काय?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २८ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. अर्ज केला की क्रमांक आणि तारीख असलेली पोच मिळालीच पाहिजे. सेवा किती दिवसांत मिळेल, शुल्क किती, जबाबदार अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे करायचे, याचा फलक प्रत्येक कार्यालयात हवा. अर्ज नाकारायचा असेल तर कारण लेखी द्यावे लागते. ‘उद्या या’ हे कायद्याच्या दृष्टीने उत्तर नाही.

मुदत संपली किंवा अर्ज फेटाळला गेला, तर ३० दिवसांत पहिले अपील त्याच खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करायचे. त्यांनी ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर पुढच्या ३० दिवसांत दुसरे अपील. निकालच आला नाही, तर पहिल्या अपिलापासून ४५ दिवसांनंतर ते करता येते. त्यानंतर ६० दिवसांत सेवा हक्क आयोगाकडे जाता येते. कोकण महसूल विभागासाठी स्वतंत्र आयुक्तांची तरतूद आहे. योग्य कारणाशिवाय सेवा देण्यात कसूर केलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

हे सगळे चालते ते पोचपावतीवर. कागद खिडकीतून आत दिला आणि पोच घेतली नाही, तर मुदत कधी सुरू झाली हेच सिद्ध करता येत नाही. कागदपत्रे अपुरी असतील तरीही मुदत मोजली जात नाही. म्हणून अर्ज देतानाच यादी तपासून घ्यावी.

गावाच्या कामाचा हिशेब कसा पाहायचा?

दाखला हा एकट्याचा प्रश्न असतो, तर गटार, नळ आणि दिवे हा सगळ्यांचा. त्यांची जागा ग्रामसभा आहे. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यापैकी जी संख्या कमी असेल ती लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते, पण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे लोक आले नाहीत तरी ठराव होतातच, फक्त ते मोजक्या लोकांत होतात. घरकुलासारख्या वैयक्तिक लाभाच्या याद्याही याच सभेपुढे येतात. महिलांची सभा त्याआधी घेणे बंधनकारक आहे.

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील ८० टक्के वाटा राज्यात थेट ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला देण्यात आला. गावाचा विकास आराखडा आणि झालेला खर्च ‘ई-ग्रामस्वराज’ संकेतस्थळावर आणि ‘मेरी पंचायत’ अॅपवर पाहता येतो. तिथे एखाद्या कामावर खर्च दिसतो आणि जागेवर काम दिसत नसेल, तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात कागद मागता येतात. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे.

त्यामुळे घराबाहेर पडण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्यात. काम महसूलचे की पंचायतीचे, ते मोबाइलवरून होते का आणि मुदत किती दिवसांची. परत येताना पोचपावती खिशात असावी आणि तिचा एक फोटो फोनमध्ये. नाक्यावर पुन्हा उभे राहायची वेळ आलीच, तर ती अपिलासाठी असेल, पहिल्यापासून विचारणा करण्यासाठी नाही.