टाकीतील पाण्याचा ताळेबंद

पुणे-लोणावळा लोकलमार्गावर बेगडेवाडी आणि तळेगाव यांच्या दरम्यान घोरावाडी हे छोटे स्थानक आहे. तेथून पुढचा मावळ गुलाबासाठी ओळखला जातो. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन दिनानिमित्त येथील फुले परदेशी जातात. पॉलिहाउसमधील या गुलाबाला पाणी आणि खत अंदाजाने नव्हे, तर मोजून दिले जाते. तळेगाव दाभाडे येथील राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत अशा शेतीचे प्रशिक्षणही मिळते. आता घरोघरी गच्चीवर आणि सज्जात मातीविना भाजी पिकवण्याची हौस वाढू लागली आहे. पॉलिहाउसमधील मोजमापाची शिस्त मात्र हौसेबरोबर आपोआप येत नाही. परिणामी एप्रिलच्या एखाद्याच आठवड्यात हिरवीगार रोपे माना टाकतात आणि संचावर केलेला खर्च वाया जातो.

ही विद्या आपल्या देशात नवी नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील गेरिके यांनी १९३७ मध्ये तिला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव रूढ केले. १९४६ पासून शोल्टो डग्लस यांनी बंगालमध्ये कालिंपाँग परिसरात तिचे प्रयोग करून साध्या साधनांची पद्धत बसवली. तेव्हापासून तत्त्व एकच आहे. मुळांना पाणी, अन्न आणि प्राणवायू ही तिन्ही योग्य प्रमाणात मिळाली पाहिजेत.

पाणी तापले की प्रथम प्राणवायू घटतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. मावळ उंचावर असल्याने येथे तो थोडा कमीच भरतो. उष्णतेत मुळांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. २५ अंशांच्या वर मूळकुजीची बुरशीही बळावते. पांढरीशुभ्र मुळे तपकिरी व बुळबुळीत होऊ लागली, तर दुखणे पाण्यात आहे असे समजावे. पालेभाज्यांसाठी १८ ते २४ अंश हे तापमान मानवते.

दुसरी बाब द्रावणाच्या तीव्रतेची. ती विद्युतवाहकतेच्या, म्हणजे ईसीच्या मीटरने मोजतात. सॅलडच्या पानांना साधारण ०.८ ते १.२, पालकाला १.८ ते २.३ आणि टोमॅटोला २ च्या वर ईसी लागतो. मीटर पीपीएम दाखवणारा असेल तर सावध राहावे. काही मीटर १ ईसीला ५०० पीपीएम धरतात, तर काही ७००. त्यामुळे ७०० पीपीएम हा आकडा एका मीटरवर १.४ ईसी असतो, तर दुसऱ्यावर अवघा १. दोन वजनमापांचा हिशेब एका वहीत लिहिला, तर ताळा कसा जुळणार? म्हणून आकडा नेहमी ईसीमध्येच नोंदवावा.

तापमान आणि तीव्रता या दोन बाबी एकमेकींपासून वेगळ्या नाहीत, आणि नेमकी येथेच गफलत होते. समजा, ४० लिटरच्या टाकीत १.४ ईसीचे द्रावण आहे. कडक उन्हाच्या दोन दिवसांनंतर ३० लिटर उरले आणि ईसी १.७ झाला. पाणी चौथा हिस्सा गेले. क्षारांचा हिशेब लिटर गुणिले ईसी असा मांडला, तर तो ५६ वरून ५१ वर आला, म्हणजे घट केवळ ९ टक्के. रोपांनी पाणी भरपूर घेतले, अन्न थोडे घेतले. अशा वेळी ०.२ ईसीचे १० लिटर साधे पाणी घातले, तर टाकी १.३ च्या किंचित वर स्थिरावते. त्याऐवजी पुन्हा १.४ चेच द्रावण भरले, तर ईसी १.६ च्या पुढे जातो आणि दर फेरीस चढत राहतो. रोप कोमेजले म्हणून खत वाढवणे हा उन्हाळ्यातील सर्वांत महाग पडणारा उपाय होय. कोमेजलेल्या रोपाला पाणी हवे असते. तीव्र द्रावणातून मुळांना पाणी ओढणेच कठीण जाते.

म्हणून उन्हाळ्यात ईसी नेहमीच्या मर्यादेच्या खालच्या टोकाला ठेवावा. प्रथम साध्या पाण्याचा ईसी मोजावा. बोअरच्या जड पाण्यात क्षार आधीच असतात, ती आरंभीची शिल्लक वजा करूनच खताची मात्रा ठरवावी. ‘अ’ आणि ‘ब’ बाटल्यांतील खते एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र येताच साका तळाशी बसतो व रोपाला मिळत नाही. प्रत्येक खत भरपूर पाण्यात स्वतंत्रपणे ढवळावे. पीएच ५.५ ते ६.५ च्या दरम्यान असावा.

पाणी थंड ठेवण्यास महागडे यंत्र लागतेच असे नाही. टाकी सावलीत आणि झाकून ठेवावी. उजेड न मिळाल्याने शेवाळही धरत नाही. काळ्या नळ्यांऐवजी पांढऱ्या वापराव्यात. टाकीभोवती ओले गोणपाट गुंडाळले, तर माठाचाच न्याय लागू पडतो. मात्र तो कोरड्या हवेत, पावसाळ्यात नव्हे. मोठी टाकी सावकाश तापते. हवेचा छोटा पंप दुपारी बंद पडू देऊ नये. हिवाळ्यात उलट काळजी घ्यावी. पाणी १५ अंशांच्या खाली गेले की मुळे स्फुरद कमी घेतात, पाने जांभळट पडतात आणि वाढ खुंटते. अशा वेळी खत वाढवून उपयोग नसतो, टाकी उन्हात सरकवावी.

लग्नकार्यासाठी दोन-तीन दिवस बाहेरगावी जायचे असल्यास टाकी काठोकाठ भरून, ईसी थोडा कमी ठेवून निघावे. चातुर्मासात अनेक जैन घरांत पालेभाज्या वर्ज्य असतात आणि मावळात ऊनही कमी असते. संच रिकामा करून, धुऊन, वाळवून ठेवण्यास तोच काळ सोयीचा. भिंतीवर एक साधी वही टांगून रोज सकाळी तापमान, ईसी आणि घातलेले पाणी असे तीन आकडे लिहावेत. पंधरा दिवसांत घरच्या टाकीचा स्वभाव त्या वहीतूनच कळू लागतो.