दाताचे बिल आणि विम्याचा कागद

दाढ ठणकायला लागली की आपण काय करतो? लवंग धरतो, मिठाच्या गुळण्या करतो आणि 'सणवार उरकू दे, मग बघू' म्हणतो. शेवटी डॉक्टरांकडे जावे लागतेच. बिल पाहून यजमान म्हणतात, "अगं, आपला विमा आहे ना!"

इथेच फसगत होते. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य विम्यांत दाढ काढणे, रूट कॅनॉल, कवळी यांचा खर्च धरलेलाच नसतो. अपघातात दातांना इजा होऊन इस्पितळात राहावे लागले, तर मात्र तो सहसा मिळतो. तेव्हा एजंट काय म्हणाला ते सोडा. 'काय मिळणार नाही' हे पान आधी वाचा. वर्षाची किंवा त्याहून जास्त मुदतीची नवी पॉलिसी पसंत नसेल, तर हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

आमच्या शेजारच्या वहिनींचे यजमान स्कूटरवरून पडले. जबड्याला मार, समोरचे दोन दात गेले, दोन दिवस इस्पितळात. कंपनीचे पत्र आले, 'दातांचा खर्च मंजूर नाही.' वहिनी रडत बसल्या नाहीत. 'कोणत्या कलमाखाली नाकारता?' असे त्यांनी लेखी विचारले. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे नकार देताना नेमकी अट दाखवावीच लागते. त्यांच्या पॉलिसीत अपघाताची सूट स्पष्ट छापलेली होती. पैसे मिळाले!

त्यांच्या कामी आली ती फाईल. डॉक्टरांचे टिपण, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या, सगळे एकत्र. मूळ कागद देण्यापूर्वी झेरॉक्स काढा आणि पोच घ्यायला विसरू नका. मंजूर पैसे मुदतीनंतर दिले, तर कंपनीला बँक दराहून २ टक्के जास्त व्याज द्यावे लागते. तेही मागा.

कंपनीकडे तक्रार करून महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबईत व पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील नाही. ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाचे दारही २ वर्षांपर्यंत उघडे असते.

घरातल्या डाळ-तांदळाचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. विम्याचा कागद कुठल्या कपाटात आहे, हे मात्र ठाऊक नसते. आज दुपारी तेवढा शोधून ठेवा.